देवदाराच्या घरातली देवी

हसणार नसाल तर सांगतो. हसायचंच असंल तर चहा संपवा आन् गप उठा!

मी चाकूरचा, म्हणजे उन्हात भाजून निघालेला माणूस. पण फौजेत गाडी चालवत हिमाचलात ऱ्हायलो आन् बर्फाचं याड लागलं. रिटायर झालो की जंगलात ओंडक्यांचं घर बांधायचं, ते बी स्वतःच्या हातानं! फौजेतला दोस्त बलबीर तिथलाच. देवदाराच्या जंगलाला लागून त्याचं वावर, त्यातला एक कोपरा त्यानं मला दिला. संगं नेला औशाचा रफीक, माझा लहानपणचा दोस्त, सुतारकाम करणारा.

उन्हाळाभर आम्ही ओंडके सोलले, खाचा पाडल्या, एकावर एक रचले. फटींत शेवाळ ठासलं. जागा उताराची, म्हणून मागच्या अंगाला जमिनीच्या फळ्यांखाली माणूस वाकून शिरंल एवढी पोकळी ऱ्हायली. ती बुजवायच्या आधीच बर्फ पडला.

भिंतीतला सगळ्यात जाड ओंडका वादळात पडलेल्या झाडाचा होता. बलबीर म्हणला होता, "यार, वो देवी का पेड़ था. पूछ के लगाना."

कुणाला विचारू? झाडाला? म्या काय विचारलं न्हाई. अन् बलबीर पोरीकडं चंदीगडला निघून गेला.

आता, बर्फ पडल्यावर काय होतं तुम्हाला ठाऊक हाय का? आवाज मरतो. कुत्रं न्हाई, पाखरू न्हाई, वारा बी न्हाई. आपलाच श्वास आपल्याला दुसऱ्याचा वाटाय लागतो. झाडं अशी उभी की तुम्ही पाठ फिरवली की एक पाऊल पुढं येतील.

एका दुपारी धुकं दारापर्यंत आलं होतं. रफीक खाली गावात दूध आणाया गेलेला. मी चुलीपाशी एकटाच. आन् पायाखालून कुणीतरी श्वास घेतला.

"हूंऽऽऽ..."

लांब. जड. फळी माझ्या तळव्याखाली थरथरली.

मी म्हणलं, भास असंल. तेवढ्यात भिंतीतला तो जाड ओंडका फाडदिशी वाजला, बंदुकीचा बार काढल्यावानी! आन् खालून परत, "हूंऽऽऽ." अंगावर काटा म्हणजे काय, मी सगळा बाभळीचं झाड झालो.

रफीक आला तर मी चुलीवर चढून बसायचाच काय तो बाकी ऱ्हायलो होतो. "क्या हुआ रे?"

"ऐक."

त्यानं फळीला कान लावला. ऐकलं. दुधाची किटली तशीच ठेवून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटाय लागला. म्हणला, "ये लकडी का आवाज नहीं. अंदर कोई है."

बायकोला, सुनंदाला, फोन लावला. ती म्हणली, "विचारलं न्हाई ना झाडाला? मग आता माफी मागा. मी दिलेले शेंगदाण्याचे लाडू हायत न्हवं? त्याचा निवद दाखवा."

एक फळी जराशी उचकटली. खाली काळाकुट्ट अंधार, ऊबदार, ओल्या घोंगडीचा वास. डोळे मिटून लाडू खाली सोडले. खालून मच्‌मच्‌ आवाज आला.

देवी जेवत होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

रोज निवद सुरू झाला. मग मला सुचली अक्कल. म्हणलं, "आई, माफ केलं असंल तर एकदा हुंकार दे."

"हूंऽऽऽ."

ही गोष्ट सुनंदाला सांगितली तीच माझी चूक. दुसऱ्या दिवशी चाकुरात आमच्या घरात ही गर्दी! फोन स्पीकरवर, मी फळीपाशी पालथा. कुणी विचारतंय बोअरला पाणी लागंल का, कुणी विचारतंय पोरगी पास व्हईल का. एक हुंकार म्हणजे व्हय, दोन म्हणजे न्हाई. थोरल्या वहिनीनं विचारलं, "आमच्या महेशला निलंग्याचं स्थळ करावं का, आई?"

बराच वेळ काहीच न्हाई. बाहेर बर्फ झरत होता. फोनच्या त्या टोकाला अख्खं चाकूर श्वास रोखून बसलेलं. मग एकच, लांबलचक, समाधानाचा हुंकार.

"जमलं!" वहिनी रडाय लागल्या.

रफीक मातर दिवसेंदिवस वाळत चालला. म्हणला, "सय्यद घराण्यात जन्मलो, मला हे झेपंना. तिला म्हणावं आता जाय." म्हणून एका सकाळी मी निरोपाची पूजा मांडली. ताटात दिवा, कुंकू, उरलेले सगळे लाडू. म्हणलं, मागल्या बाजूनं जाऊन ओवाळतो. रफीक छपरावरचा बर्फ ओढायला वर चढलेला.

घराला वळसा घातला. मागं बर्फात एक भोक, आन् त्यातून वाफ निघत होती. मी ताट पुढं धरून म्हणलं, "आई, दर्शन दे!"

आन् दिलं की हो!

आधी नाक आलं. मग डोकं. मग एवढं मोठं काळं अस्वल, झोपमोड झालेलं, माझ्यापुढं उभं ऱ्हायलं. छपरावरून रफीक बोंबलला, "अबे भाऽऽलू! पळ!"

पळतोय कुठला? मी ताटासकट तसाच बर्फात आडवा, डोळे गच्च मिटून, हात जोडलेले. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तर ताट चाटूनपुसून साफ, आन् अस्वल झाडांत दिसेनासं व्हायलेलं.

मागाहून चंदीगडहून परतलेला बलबीर पोट धरून हसला. म्हणला, आयती ऊब आन् वर रोज लाडू, अस्वल जाईल कशाला? ओंडके बी वाळताना वाजतातच म्हणं.

मी सुनंदाला खरं सांगितलं. ती म्हणली, "महेशचं लगीन आठ दिवसांवर हाय. तुम्ही तोंड उघडायचं न्हाई."

लग्नाला मी आन् रफीक दोघंबी गेलो. मांडवात मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. नवरीच्या आजीनं माझे पाय धरले. "दादा, तुम्हाला दर्शन झालं म्हणं. कशी हाय हो देवी?"

खोटं बोलवंना. म्हणलं, "काळी हाय. अंगानं भरलेली. छातीवर चंद्रकोरीसारखा पांढरा पट्टा. गोडाची लई आवड."

म्हातारीनं डोळे मिटून हात जोडले. "आन् तुम्हाला बघून काय केलं आईनं?"

माझे तर डोळे मिटलेले होते, मी काय सांगणार? पण छपरावरून सगळं बघितलेला रफीक शेजारीच जिलबी खात बसलेला. त्यानं बोटं चाटली आन् म्हणला, "मी सांगतो आजी. याला पायापासून डोक्यापर्यंत हुंगलं, शिंकली, आन् तोंड फिरवून निघून गेली."