बारीक मासळी

“आधी चहा, म्याडम. मेलेला मासा कुठं पळून चाललाय?”

दारणेच्या काठी माझी स्कूटी थांबली की तिथल्या म्हाताऱ्या कोळ्याचं, बाबांचं, हे वाक्य ठरलेलं. मी त्यांच्या झोपडीत बसून चहा घशाखाली ढकलायचे, तोवर ते माशांची पाटी भरून आणायचे.

नदीतल्या माशांची लांबी दर महिन्याला मोजायची, ही माझी कंत्राटी नोकरी. जाळ्यात येईल तो प्रत्येक मासा फळीवर आडवा ठेवून आकडा वहीत लिहायचा. मी आकडा मोठ्याने वाचला की पोराचा निकाल ऐकावा तसे बाबा खूश व्हायचे. “लिवा, लिवा!”

बायको कधीच गेलेली, मुलगा अंबडच्या कारखान्यात, तो सणालाही फिरकत नसे. त्या काठाला जाळं टाकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. “बोलायचं कोनाशी? मासा बोलत नाय, बगळा ऐकत नाय,” म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. अशी हसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

इतर ठिकाणचे मासे लहान होत चालले होते. बाबांचे मात्र दोन वर्षं तसेच धष्टपुष्ट. ऑफिसात मी जरा मिरवतही होते.

एकदा लवकर पोचले. बाबा झोपडीमागे उकिडवे बसून बोटाएवढे मासे ओल्या गोणपाटाखाली सारत होते. मोठे तेवढे पाटीत.

मी भडकलेच. “बाबा, माझी सगळी वही खोटी केलीत!”

“पाहुन्यापुढं बारीक मासळी ठेवू व्हय?” मग खाली बघत म्हणाले, “आन् नदीत काय उरलं नाय म्हटल्यावर तुमी कशाला येनार?”

“असं काही नसतं, बाबा,” मी म्हटलं. त्या दिवशी सगळे मासे मोजले. आकडे वाचले, पण ते एकदाही ‘लिवा’ म्हणाले नाहीत.

खरे आकडे ऑफिसात गेले. इथं मोजण्याजोगं काही उरलं नाही, असं म्हणत वरिष्ठांनी ते ठिकाणच यादीतून काढलं. बाबांना सांगायला जायला हवं होतं. तोंड दाखवायची लाज वाटली, गेले नाही.

वर्षभराने इगतपुरीहून परतताना वाट वाकडी केली. झोपडीला कडी होती. शेजारच्या मळ्यातल्या बाई म्हणाल्या, “म्हातारा गेला ना पावसाळ्यात. लय वाट पाह्यली तुमची. म्हनायचा, म्याडम रागावल्या. आल्या तर आता बारीक पन दाखवीन.”

मी रागावले नव्हते, असं मी त्या बाईंना दोनदा सांगितलं. त्यांना सांगून काय उपयोग!