दुसरी पेटी

आमच्या जळगावच्या फोटो स्टुडिओतल्या सगळ्या निगेटिव्ह माझ्यामुळे गेल्या. नानांनी तो दोष शेवटपर्यंत स्वतःवर घेतला, आणि मी घेऊ दिला.

नाना स्टुडिओचे मालक, मी त्यांच्या हाताखाली. पासपोर्टचा फोटो असला तरी ते दोनदा काढायचे. एक निगेटिव्ह दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत, दुसरी फैजपूरला बहिणीकडे. "नाना, फोटो काढताय की बियाणं राखताय?" मी चिडवायचो. "दुकान जळालं तर गिऱ्हाइकाचं तोंड तू आठवून देणार आहेस का?" ते म्हणायचे.

निगेटिव्ह ते फक्त कडेनं धरत. पेटीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवत, ओल शोषायला.

एका वैशाखात बहिणीचं घर नव्यानं बांधायला काढलं. तिथली पेटी दुकानात आली. "आजच जामनेरला भाच्याकडे पोचव. दोन्ही एका छपराखाली नकोत," एवढं सांगून नाना फैजपूरला बांधकामावर राहायला गेले. उन्हाला भिऊन मी गेलोच नाही. फिल्म उकाड्यानं बिघडेल म्हणून दोन्ही पेट्या कूलरच्या दमट वाऱ्यासमोर उघडून ठेवल्या. नानांनी फोनवर विचारलं तेव्हा म्हणालो, "पोचवली." पावसाळाभर पेट्या तशाच राहिल्या.

दिवाळीआधी नाना परतले. निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांच्या वड्या झाल्या होत्या, वर बुरशी. नानांनी एक नखानं सोडवली, तर चेहराच सुटून आला.

त्याच आठवड्यात धुळ्याकडच्या एक अक्का आल्या. मुलगा विहिरीत बुडून गेलेला. त्याचा घरातला फोटो गळतीनं धुतला गेला होता, निगेटिव्हवरून नवा काढून हवा होता.

"अक्का, माझ्या हातून खराब झाली," नाना म्हणाले. मी शेजारीच उभा होतो.

"बठ्ठं गयं? एक बी नही? मना पोर्‍याना तोच एक फोटू शे, नाना."

त्या दुकान बंद होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. नंतर नाना मला एवढंच म्हणाले, "तुझं नाव सांगून तिला पोरगा दिसणार होता का?"

पुढे महिनोन्महिने ते भिंग लावून त्या वड्या सोडवत बसले. अक्कांचा मुलगा त्यांत सापडला नाही. नवा फोटो नानांनी काढला नाही. दोन वर्षांनी ते गेले, आणि त्यांची माफी मागायची राहून गेली.

त्यांचं दहावं झाल्यावर मी अक्कांचं गाव गाठलं. भिंतीवर चौकट होती, आत पांढरा पडलेला कागद. तिला ताजा हार होता.

मी दारातच खाली बसलो. म्हणालो, "अक्का, नाना तुमच्याशी खोटं बोलले, माझ्यासाठी. तुमच्या मुलाचा फोटो मी घालवला. मला माफ करा."