लंकाबाईमागचा रस्ता

पुणतांब्याच्या अलीकडे एका वळणाजवळ शाळा आहे, आणि शाळेपुढे लंकाबाई. ओटीत आलेलं लाल ब्लाउजपीस काठीला बांधून ती शाळा भरताना आणि सुटताना रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. कुणी नेमलेली नव्हती. तिच्या नवऱ्याला, वैजनाथला, इथंच एका जीपनं उडवलं. दिवसपाणी उरकलं आणि ही येऊन उभी राहिली, ती राहिलीच. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनाही सोडायची नाही. “आरं ए, घरी म्हैस व्यालीया व्हय तुझी?” असं दरडावलं की गडी मुकाट ब्रेक दाबायचा.

मुख्याध्यापिका धनश्रीबाईंनी वेगमर्यादा कमी करण्यासाठी अर्ज केला, तेव्हा बांधकाम खात्याचे केदारसाहेब वेग मोजायचं यंत्र घेऊन आले. सरकार दारी आलंय म्हटल्यावर लंकाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि दिवसभर रस्त्यावरून हलली नाही. आपली वट साहेबांना दिसावी, एवढीच बापडीची इच्छा.

संध्याकाळी साहेब म्हणाले, “शंभरातली पंच्याऐंशी वाहनं किती वेगाच्या आत धावतात, ते आम्ही बघतो. मागचे अपघातही बघतो. इथं सगळे सावकाशच जातात, आणि इतक्यात अपघातही नाही. मर्यादा कमी करायला कारणच दिसत नाही.”

धनश्रीबाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, ही उभी असते म्हणून सावकाश जातात! उद्या हिला बाजूला बसवा आणि मोजा.”

“आन् एखादं लेकरू आडवं गेलं तर?” लंकाबाई उसळली. मोजणी होईपर्यंत एकही मूल फाटकाबाहेर सोडणार नाही, असं धनश्रीबाईंनी वचन दिलं, तेव्हा कुठे ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती साहेबांशेजारी उसाच्या आडोशाला बसली. पहिला टेम्पो सुसाट गेला आणि उसाची पानं अंगावर आली. यंत्रावर आकडा होता ताशी अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. पाठोपाठ एक कार त्याहूनही जोरात गेली, मग डंपर, मग एसटी. लंकाबाईनं तोंडाला पदर लावला. आजवर तिनं वाहनं बघितली होती ती आपल्यापुढं हळू होतानाच. आपण नसताना हा रस्ता कसा धावतो, हे तिला कुठून दिसणार?

“आवं, ह्यो आपलाच रस्ता हाय का?” ती कुजबुजली. मग म्हणाली, “येवढ्या जोरात आलेल्या गाडीला थांबाया किती जागा लागती?”

“वळणाच्या पलीकडूनच ब्रेक दाबायला हवा.”

“पन पल्याडनं मानूस दिसतंय कुटं?”

लंकाबाईनं इतकी वर्षं कशापुढं छाती काढली होती, ते साहेबांनाही आत्ताच कळत होतं. यंत्राकडे बघायचं सोडून ते तिच्याकडेच बघत राहिले. थक्क व्हावं नाही तर काय करावं माणसानं!

“मावशी, आता मर्यादा नक्की खाली येईल,” ते शेवटी म्हणाले. “पोलीस, परिवहनवाले आणि आम्ही एकत्र बसू. मग हुकूम निघेल, मग फलक लागतील.”

“कवा?”

“काही महिने तरी जातील.”

“आन् तवर?”

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली आणि फाटकाशी पोरांचा कालवा उठला. लंकाबाई काठी घेऊन उठली, पण रस्त्याच्या कडेलाच थबकली. या रस्त्याची भीती तिला पहिल्यांदाच वाटत होती. साहेबांनी तिचा दंड धरला.

“मावशी, आज नको. मी जातो.”

“तुमाला बगून कोन थांबंल?” तिनं हात सोडवून घेतला. “मला वळखत्यात.”

ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. वळणावर डंपर दिसला. साहेबांनी यंत्र रोखलं. आकडा पन्नास झाला, तीस झाला, दहा झाला. डंपर तिच्यापुढं थांबला. लंकाबाईनं मागं न बघता हात केला, आणि पोरं हसत-खिदळत रस्ता ओलांडू लागली.