काकूंनी ठेवलेलं शेवाळ

भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती, तरी आमच्या घरमालकीण काकूंचा स्लॅबवर विश्वास बसला नव्हता. म्हणून लातुरातल्या त्यांच्या घरावर वरची खोली पत्र्याची होती, आणि त्या खोलीत मी आणि कंधारचा एक पोरगा भाड्यानं राहायचो. तो मेडिकलच्या प्रवेशासाठी क्लास लावून बसला होता. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. जळकोटजवळच्या आमच्या खेड्यात, आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच.

एप्रिल लागला. नळ आठ दिवसांनी यायला लागला आणि खोलीचा तवा झाला. हा माझा खोलीतला जोडीदार दोन बादल्या अंगावर घ्यायचा आणि तिसरी पत्र्यावर ओतायचा. पत्रा चर्र वाजायचा, पाच मिनिटं बरं वाटायचं. चौथ्या दिवशी काकूंनी जिन्याखालून फर्मान काढलं.

"येत्या सोमवारी खोली रिकामी करा. दोघंबी. हौदात पाणी न्हाई."

माझी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. क्लासच्या पोरांनी लातूर असं भरलं होतं, की दुसरी खोली मिळणं शक्यच नव्हतं. आणि गावाहून सकाळच्या पेपराला वेळेवर पोचवणारी एसटी नव्हती. खोली गेली की वर्ष गेलं.

त्यातच प्राणिशास्त्राच्या सरांनी मला शनिवारच्या सेमिनारला विषय दिला: समुद्र तापला की प्रवाळ पांढरं का पडतं. मी समुद्र पाहिलेला नव्हता. सरांनी एक इंग्रजी लेख दिला, तो मी शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचला. चारचौघांत बोलायची भीती वाटायची, म्हणून संध्याकाळी जिन्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणून बघायचो. खाली अंगणात काकू चिंचा फोडत बसलेल्या असायच्या.

"प्रवाळ, म्हणजे पवळं, हा दगड नाही. तो प्राणी आहे," मी सुरुवात केली.

काकूंनी बोटातली पवळ्याची अंगठी काढली, डोळ्याजवळ धरली आणि वाटीभर पाण्यात ठेवली. "मंगळासाठी घातली व्हती रे बाबा. बारा वर्षं उपाशी ठेवलं की मी त्याला!"

अंगठीतलं पवळं वेगळ्या जातीचं असतं आणि केव्हाच मेलेलं असतं, हे सांगायचा मला धीर झाला नाही. हौदात पाणी नाही म्हणणाऱ्या बाईनं त्याला वाटीभर पाणी दिलं, एवढं मात्र लक्षात ठेवलं.

मी पुढे म्हणू लागलो. उथळ समुद्रातल्या प्रवाळाच्या पेशींमध्ये बारीक शेवाळ राहतं. प्रवाळ त्याला जागा देतं, आणि शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्यातलं बहुतेक प्रवाळालाच देतं. पण पाणी फार तापलं की शेवाळाचं काम बिघडतं, त्यातून विषारी द्रव्यं निघतात, आणि प्रवाळ त्याला बाहेर काढतं. रंग शेवाळाचा असतो. ते गेलं की आतला पांढरा सांगाडा दिसतो.

"बराबर केलं की," काकू म्हणाल्या. "घरात राहून इख कालवायचं, तर ठेवील कोण?"

"पण काकू, मग त्याला खायला मिळत नाही. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं. नाही निवलं तर प्रवाळ उपाशी मरतं."

चिंचा फोडायचा आवाज थांबला.

आमच्यासारख्या पोरांचा डबा तेव्हा गावाहून एसटीनं यायचा. आई सकाळी कंडक्टरच्या हवाली करायची, आम्ही स्टँडवर उतरवून घ्यायचो. काकू एकट्या. एका जिवासाठी चूल कशाला पेटवायची, म्हणून त्या रोज आमच्याच डब्यांतलं जेवायच्या. जोडीदाराच्या डब्यात शेंगाची पोळी, भरली वांगी, वर तूप. माझ्या डब्यात भाकरी आणि ठेचा.

"तू माझ्यावर भाषण करायलास का रे?"

"नाही हो काकू, समुद्रावर."

"मला येडी समजू नको. पुढं काय लिवलंय? समदीच मरत्यात का?"

पुढे लिहिलं होतं की काही प्रवाळांना उष्णता सोसणारं शेवाळ टिकवता येतं. हे म्हणताना माझा आवाज आपोआप चढला, कारण मी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायचो. तिथंच थांबलो असतो तर खोली माझी होती. पण लेखात आणखी एक वाक्य होतं, आणि शनिवारी ते सरांसमोर म्हणायचंच होतं.

"मात्र हे शेवाळ अन्न कमी देतं," मी म्हणालो. "प्रवाळ जगतं, पण हळू वाढतं."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजी तू."

वरच्या पायरीवर बसलेला जोडीदार खुश झाला. "बघा काकू, ठेच्यावर वाढ होत नसती!"

"मला आता वाढून काय करायचंय? साठी उलटली. ह्यो ऱ्हाईल. तू सोमवारी निघ."

जोडीदार चप्पल न घालताच एसटीडी बूथकडे पळाला आणि त्यानं घरी फोन केला. शुक्रवारी त्याच्या डब्याबरोबर कंधारच्या विहिरीच्या पाण्याचे दोन मोठे कॅन एसटीतून उतरले. ते खाली देताना कंडक्टर ओरडला, "डबा समजलं, पाणी समजलं. उद्या काय, म्हैस पाठवतेत का रे?"

काकूंनी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. "गोड हाय," म्हणाल्या. रोज दोन कॅन आले तर तोही राहील, असं ठरलं.

शनिवारी सेमिनारला सरांनी विचारलं, प्रवाळ वाचवायला उपाय काय? मी म्हणालो, "सर, समुद्रासाठी दुसरीकडून गार पाणी आणता येत नाही. त्याला तापवणंच थांबवावं लागेल." सर म्हणाले, बस खाली, बरोबर आहे.

कॅन रोज येत राहिले, ते पाणी मीही वापरलं, आणि शेवटच्या पेपरापर्यंत खोली दोघांचीही राहिली. निकाल लागला, मी पदवीधर झालो. पेढ्यांचा पहिला पुडा घेऊन मी स्टँडवर कंधारच्या गाडीपाशी गेलो. कंडक्टरनं दोन पेढे एकदम तोंडात टाकले आणि म्हणाला, "पास तू झालास पोरा, पण कॅन मी उचललेत. आणखी दोन दे."