एका बटणाला दोन मेथड

मी मूळचा दुष्काळी माण तालुक्याचा. आमच्याकडे हळदीची ओळख लग्नात अंगाला लागते तेवढीच. तरी कुपवाडच्या एका हळद गिरणीचा प्रोग्राम मी अंगावर घेतला, कारण नाही म्हणायला मला जमत नाही. काम साधं होतं. स्क्रीनवरच्या फॉर्ममध्ये शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन भरायचं. बटण दाबलं की पोत्यावर लावायची चिठ्ठी छापून बाहेर.

ही कामं मी आणि बायको मिळून करतो. ती सांगलीजवळच्या हळदवाल्या शेतकऱ्याची मुलगी. प्रोग्रामिंग मात्र माझ्याकडून शिकली. मागच्या कामात मी तिचा कोड न वाचताच पुसला होता. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पुन्यांदा न वाचता पुसलं, तर मी यात हात घालणार न्हाई. तुमचं तुमी बघा." ओरडली असती तर मी विसरून गेलो असतो.

गिरणीत प्रोग्राम दाखवायचा म्हणून लॅपटॉप उघडला, तर एरर: या नावाची मेथड फॉर्ममध्ये आधीच आहे. म्हणजे एकाच बटणाचं काम दोनदा लिहिलेलं. माझी फाइल तीनदा वरून खाली वाचली, मेथड एकच. गिरणीचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, शेजारी खुर्ची ओढून बसलेले. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "हुतंय का रं?" बाहेर टेम्पोतून पोती उतरत होती. मी लॅपटॉपला आणि मनातल्या मनात अण्णांनाही शिव्या घातल्या.

शेवटी अक्कल सुचली आणि सगळ्याच फायलींत ते नाव शोधलं. एका फॉर्मचा कोड दोन फायलींत ठेवता येतो. दुसरी मेथड बायकोच्या फाइलमध्ये निघाली. ओळी निवडल्या, डिलीटवर बोट ठेवलं, आणि तिचं ते शांत बोलणं आठवलं. बोट उचललं आणि वाचायला लागलो.

तिच्या मेथडमध्ये एक प्रश्न जास्त होता: हळकुंड की गड्डा? म्हणजे हळदीची लांबट बोटं की मधला गोल कंद. वर शेरा: 'दोन्ही एकत्र दळत नाहीत. काल दोनदा सांगितलं, नुसतं हूं म्हणालात. आता वाचून ठरवा कुणाची पुसायची.'

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. दारात पोत्यांच्या दोन वेगवेगळ्या थप्प्या लागल्या होत्या, त्या मी सकाळपासून बघत होतो. मी माझी मेथड पुसली. एरर गेली, चिठ्ठी निघाली, तिच्यावर ठळक 'गड्डा'.

अण्णांनी ती हात लांब करून वाचली. "लय भारी! माणच्या गड्याला हे कसं सुचलं?"

"मला नाही, बायकोला सुचलं," असं म्हणून मी तिला फोन लावला. "तुझी ठेवली, माझी पुसली."

तिने विचारलं, "वाचून?"

"शेऱ्यासकट."

ती इतकी हसली की अण्णांनाही ऐकू गेलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बाळ, पुढल्या खेपंला तूच ये. ह्याला आणलंस तरी चालंल."