पोटावरची बॅग

औंधच्या यमाईच्या डोंगरावर तो मला एकदाच भेटला. लग्नानंतर दर्शनाला आलेल्या जोडप्याचे तो फोटो काढत होता. साठी ओलांडलेला माणूस, कंबरेला कॅमेऱ्याची काळी बॅग. काम असलं की बॅग पोटावर, संपलं की सरकवून पाठीवर. लेन्स, बॅटरी, पुसायचं फडकं, सगळं तो खाली न बघता काढायचा.

मी साताऱ्याहून बातमीसाठी गेलो होतो. माझ्याही गळ्यात कॅमेरा होता. जोडपं ओटी भरायला आत गेल्यावर तो जवळ आला. त्याच्या लेन्सचा ऑटोफोकस बिघडलेला, फोकस तो हातानेच लावत होता.

"पावनं, जरा बघा. फोकस बसलाय का?"

मी फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येकात मागच्या भिंतीचे दगड स्पष्ट होते, नवरा-नवरी धूसर.

"नाही," मी म्हणालो. "एकातही नाही."

त्याने कॅमेरा परत घेतला. "बॅगेतलं समदं हाताला घावतंय. म्होरचं माणूस डोळ्याला घावंना. डाक्टर म्हनला, आता उपाय न्हाई."

"आवं फोटोवालं, या बिगीनं! नवरदेव हसायचं इसरंल," करवलीने हाक मारली.

त्याने कॅमेरा बॅगेत ठेवला, चेन ओढली आणि बॅग पाठीवर सरकवली.

"तुमी काढा," तो मला म्हणाला.

मी काढले. तो कठड्याशी उभा होता. इकडे हशा उठला की त्याचा हात पोटाशी जायचा. तिथे फक्त पट्ट्याचं बक्कल होतं.