तंबूत नेलेली शेगडी

पेश्तेरा गावातल्या बुटांच्या कारखान्यात वेलिच्का सोल चिकटवायच्या कामाला होती. दिवसभर वाकून बसायचं, सोल्युशनचा वास डोक्यात भरून घ्यायचा आणि संध्याकाळी कंबर धरून घरी यायचं. नवरा झाफिर लाकडाच्या वखारीचा ट्रक चालवायचा. मोठा मायाळू माणूस. थंडीत आपला कोट दुसऱ्याच्या अंगावर टाकून स्वतः कुडकुडत बसायचा आणि त्यावरून बायकोची बोलणी खायचा. त्यांना गेरगाना ही एकच मुलगी. झाफिरची आई, म्हातारी स्ताना, त्याच घरात खाली राहायची.

मे महिन्यातला गेर्ग्योव्देन म्हणजे गेरगानाच्या नावाचा सण. नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या गेरगानानं त्या वर्षी हट्टच धरला, की सण घरात नको, तंबूत करायचा. झाफिरनं कुणाकडून तरी तंबू मागून आणला, कोकराचं मांस घेतलं, पत्र्याची शेगडी गाडीच्या डिकीत टाकली आणि तिघं बाताकच्या धरणावर गेली. पाण्याकाठी पाइनच्या झाडांखाली पेश्तेराची निम्मी माणसं तंबू ठोकून बसली होती. दिवसभर ऊन होतं. गेरगाना पाण्यात पाय बुडवून आली, मांस खाल्लं, शेजारच्या तंबूतल्या पोरांशी भांडली आणि परत खेळली. पण बाताक उंचावर. ऊन उतरलं तशी जमिनीतून थंडी वर यायला लागली.

वेलिच्काची कंबर जमिनीवर झोपू देणारी नव्हती. ती गाडीत सीट मागे करून झोपणार होती. तिनं गाडीतूनच पाहिलं, की झाफिर शेगडी उचलून तंबूत नेतोय. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली होती, धूर मुळीच नव्हता. तिनं काच खाली करून सांगितलं, की कापडापासून लांब ठेव, पेट घेईल. त्यानं मान हलवली, शेगडी मधोमध ठेवली आणि वारा येऊ नये म्हणून आतून चेन ओढून घेतली.

सकाळी ती उठली तेव्हा तंबू बंदच होता. तिला वाटलं, झोपू दे, थकलेत. तिनं चहा केला, पाव कापला. शेजारची पोरं चेंडू आपटत आली, त्यांना तिनं हळूच दटावून पिटाळलं, आत माणसं झोपलीत म्हणून. ऊन चांगलं वर आल्यावर तिनं चेन उघडली. गेरगानाचे गाल गुलाबी दिसत होते. ऊब चांगली लागली पोरीला, असं तिच्या मनात आलं. मग तिनं गालाला हात लावला.

झाफिरचं तोंड चेनपाशी होतं. खालच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यावर तो जगला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी वेलिच्काला समोर बसवून सांगितलं, की निखाऱ्यांतून निघणारा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, त्यानं माणूस खोकतसुद्धा नाही. धूर संपला तरी तो निघतच राहतो. वेलिच्का ऐकत होती. आगीची भीती तिच्या मनात आली होती. ह्याची आली नव्हती. तिच्याच काय, त्या काठावरच्या कुणाच्याच मनात आली नसती. आदल्या वर्षी दोन तंबूंत लोकांनी हेच केलं होतं आणि सकाळी हसत उठले होते.

झाफिर घरी आला तो अर्धाच आला. हातपाय चालत होते, बोलणं चालत होतं. लष्करातले दिवस आठवत होते, लग्न आठवत होतं, गेरगानाचा दात पडला होता तेही आठवत होतं. फक्त त्या सणापासून पुढचं काही डोक्यात थांबत नव्हतं. सकाळी सांगितलेलं दुपारी पुसून जायचं. दुपार झाली की तो दाराकडे बघायचा आणि विचारायचा, "गेरगाना कुठंय?"

सुरुवातीला वेलिच्का खरं सांगायची. प्रत्येक वेळी तो ते पहिल्यांदाच ऐकायचा. जमिनीवर बसून हंबरायचा. एकदा अनवाणी निघाला आणि बाताकच्या रस्त्यावर सापडला. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. असं किती दिवस चालणार? एका दुपारी भांडी घासता घासता तिच्या तोंडून निघून गेलं, "शाळेत गेलीये." तो म्हणाला, "हो, खरंच की," आणि शांतपणे पाव खायला लागला.

त्यानंतर ती तेच सांगू लागली. सुट्टीत सांगायची, प्लोवदिव्हला मावशीकडे गेलीये. म्हाताऱ्या स्तानाला हे सहन होईना. नातीच्या नावानं ती उकडलेले गहू घेऊन दफनभूमीत जायची, चार शेजारणींना वाटायची. वर्ष भरलं तेव्हा तिनं फोटोची शोकपत्रिका छापून आणली आणि सगळे लावतात तशी फाटकावर लावली. झाफिरनं वाचू नये म्हणून वेलिच्कानं ती तासाभरात काढून टाकली.

"मेलेल्या पोरीला रोज शाळेत पाठवतेस," स्ताना म्हणाली. "माझ्या लेकाला बाप म्हणून रडूसुद्धा देत नाहीस तू."

"रडलाय तो," वेलिच्का म्हणाली. "तुम्ही मोजलं नसेल, आई, मी बघितलंय."

दोघी बरेच दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुढे स्ताना वारली. झाफिरला तेही आठवायचं नाही. तो खाली जाऊन आईला हाका मारायचा. आई बाजारात गेलीये, असं वेलिच्का सांगायची. एव्हाना खोटं बोलणं तिच्या अंगवळणी पडलं होतं, सोल चिकटवण्यासारखं.

गेरगाना असती तर लग्नाची झाली असती, तेव्हा वेलिच्काचा धाकटा भाऊ ल्युबेन गेर्ग्योव्देनला बाताकला निघाला. बायकोला कामावर जायचं होतं, म्हणून तो आणि त्याची लहानगी योआना दोघंच. वेलिच्कानं त्या पाण्याकडे इतकी वर्षं तोंड वळवलं नव्हतं. पण ल्युबेनचा तिला भरवसा नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी तो ते विसरणाऱ्यांतलाच होता. तिनं सांगितलं, आम्ही दोघं येणार. झाफिरला एकटं ठेवायची सोय नव्हती.

ती दोन बादल्या घेऊन गाडीत बसली. ल्युबेन म्हणाला, "ताई, तू असल्यावर अग्निशमनवाल्यांनी घरी जाऊन झोपावं."

"तू मांस भाज," ती म्हणाली. "भाजून झालं की सांग. विझवणार मी."

दिवस बरा गेला. झाफिर खुशीत होता, योआनाला काठीला आकडा बांधून मासे धरायला शिकवत होता. मांस उतरवलं तेव्हा उन्हं पाण्यावरून उठायला लागली होती. वेलिच्कानं बादल्या उचलल्या आणि ती पाण्याकडे गेली. ल्युबेन शेजारच्यांशी बोलत उभा होता. योआना बापाच्या नावानं ओरडली, की तिला थंडी वाजतेय.

वेलिच्का भरलेल्या बादल्या घेऊन चढ चढून आली तर झाफिर तंबूच्या तोंडाशी होता. हाताला फडकी गुंडाळून त्यानं शेगडी उचलली होती. योआना आत पांघरुणात बसली होती.

"ठेव ते खाली," वेलिच्का म्हणाली.

"अगं, पोरीला थंडी वाजतेय. कापडाला नाही लागू देत, लांब ठेवतो."

ल्युबेन धावत आला, पण वेलिच्कानं त्याला हातानं थांबवलं. नेहमीसारखी एखादी थाप मारून तिला शेगडी काढून घेता आली असती. तिनं ती मारली नाही. कदाचित ती दमली असेल. कदाचित त्या पाण्याकाठी ते खोटं तिच्या तोंडात येईना.

"झाफिर, तू अशीच शेगडी तंबूत नेली होतीस. इथंच. आपली गेरगाना त्यात मेली."

शेगडी त्यानं सावकाश गवतावर ठेवली.

"मी नेली?"

"तू नेलीस. मी गाडीतून बघितलं, आणि कापड सांभाळ एवढंच म्हटलं."

ती त्याच्या हंबरण्याची वाट बघत होती. तो हंबरला नाही. हातावरची फडकी सोडली, तिच्या हातातली बादली घेतली आणि स्वतः निखाऱ्यांवर ओतली. राख उडाली, वाफ उठली. मग दुसरीही बादली ओतली. शेगडीतून काळं पाणी वाहायला लागलं तरी तो तिथंच उभा होता. ल्युबेननं योआनाला कडेवर घेऊन गाडीत नेलं, हीटर लावला आणि कुणी न सांगता तंबू उतरवायला घेतला. रात्र पडायच्या आत सगळे पेश्तेराला परतले.

दुसऱ्या दिवशी झाफिर उठला, चहा प्यायला, साखर कमी आहे म्हणाला. दुपार झाली. वेलिच्का ओट्यापाशी उत्तर तयार ठेवून उभी होती. त्यानं विचारलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. आईला मात्र तो पहिल्यासारखाच हाका मारत होता.

वेलिच्कानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एखादी गोष्ट खोल जाऊन बसते कधी कधी. किंवा जे थोडं उरलेलं असतं तेही जातं. ह्यातलं काय झालं ते सांगता येणार नाही. तुम्ही त्यांनाच विचारून बघा.

तिनं विचारलं नाही. त्याला कळलेलं असेल तर तो एकटाच ते घेऊन बसला होता. आणि कळलेलं नसेल, तर दात पडलेली ती पोर आता जगात एकट्या तिलाच आठवत होती. दोन्हींतलं कुठलं बरं, ते तिला ठरवता येईना.

शरदात अंगणात दोघं भाजलेल्या मोठ्या गोड मिरच्या सोलत बसली होती. हात काळे झाले होते. वेलिच्का खाली मान घालून म्हणाली, "गेरगानाला मिरच्या आवडायच्या."

झाफिरचे हात थांबले. मग त्यानं ताटली तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "दे अजून. गार झाल्यावर साल निघत नाही."